कला, परिस्थितिविज्ञान आणि पर्यावरणीय न्याय : उन्हाळी परदेश-अध्ययन अभ्यासक्रमाचे स्वरूप (जर्मनीतील एमशर खोऱ्याच्या विशेष संदर्भात)

सारांश

कला, परिस्थितिविज्ञान आणि पर्यावरणीय न्याय या तीन विषयांची सांगड घालणारे अल्पमुदतीचे उन्हाळी अभ्यासक्रम पाश्चात्त्य विद्यापीठे परदेशांतील निवडक क्षेत्रांत चालवितात. प्रस्तुत लेखात अशा अभ्यासक्रमाची पूर्वपीठिका, त्यातील विषयांचा परस्परसंबंध, अध्यापनपद्धती व मर्यादा यांचे विवेचन जर्मनीतील एमशर नदीच्या खोऱ्याच्या आधारे केले आहे. तीन विषय शेजारी शेजारी शिकविल्याने आंतरविद्याशाखीय अध्ययन साध्य होत नाही. एका विषयाने दिलेल्या उत्तरातील उणीव दुसऱ्या विषयाने दाखवून द्यावी लागते, हे या लेखाचे मुख्य प्रतिपादन होय. शेवटी महाराष्ट्रातील महाविद्यालयीन पर्यावरण-अध्यापनाशी या विषयाचा असलेला संबंध स्पष्ट केला आहे.

बीजसंज्ञा : परदेश-अध्ययन, परिस्थितिविज्ञान, पर्यावरणीय न्याय, सामाजिक शिल्प, क्षेत्रकार्य, नदीखोरे.

१. प्रस्तावना

सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली दिलेल्या निर्देशांनुसार भारतात पर्यावरण-शिक्षण औपचारिक शिक्षणाचा अनिवार्य भाग ठरले. पुढे विद्यापीठ अनुदान आयोगाने पदवी स्तरावरील सर्व शाखांसाठी सहा महिन्यांचा समान अभ्यासक्रम तयार केला आणि २००३-०४ च्या सुमारास तो विद्यापीठांतून लागू होऊ लागला. त्यातील अखेरचा घटक क्षेत्रकार्याचा होता व त्यासाठी २५ गुण राखून ठेवले होते. नदी, टेकडी, कचराभूमी अथवा कारखाना यांपैकी एखाद्या ठिकाणी विद्यार्थ्याने स्वतः जावे, पाहावे आणि नोंदवावे, ही त्यामागील अपेक्षा होती. २०२३ साली आयोगाने या विषयाची नवी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. त्यांतही क्षेत्रकार्याला स्थान आहे.

प्रत्यक्षात या २५ गुणांचे काय होते, हे प्राध्यापकवर्गास वेगळे सांगण्याची आवश्यकता नाही. अनेक ठिकाणी प्रकल्पवही महाविद्यालयाजवळच्या झेरॉक्सच्या दुकानात तयार होते. दरवर्षी त्याच नदीचे तेच छायाचित्र चिकटविले जाते आणि 'जनजागृतीची गरज आहे' या वाक्याने वही संपते. यात विद्यार्थ्यांचा दोष मर्यादित आहे. एखाद्या ठिकाणी गेल्यावर कोणते प्रश्न विचारावयाचे, हेच त्यांना शिकविले गेलेले नसते. या पार्श्वभूमीवर, क्षेत्रकार्य हाच ज्याचा गाभा आहे असा एक अभ्यासक्रम-प्रकार तपासून पाहणे उपयुक्त ठरेल.

२. उन्हाळी परदेश-अध्ययन : पूर्वपीठिका

अमेरिकेतील डेलावेअर विद्यापीठातून १९२३ साली आठ विद्यार्थी एका प्राध्यापकासमवेत फ्रान्सला गेले. ही घटना अमेरिकी परदेश-अध्ययनाचा आरंभ मानली जाते. प्रारंभी भाषा व साहित्य यांपुरता मर्यादित असलेला हा उपक्रम पुढे सर्व विद्याशाखांत पसरला. पूर्ण वर्षाचा अथवा सत्राचा मुक्काम ज्यांना परवडत नाही त्यांच्यासाठी उन्हाळी सुटीतील काही आठवड्यांचे अभ्यासक्रम सुरू झाले. मूळ विद्यापीठातील प्राध्यापक आपल्या विद्यार्थ्यांचा लहान गट घेऊन परक्या देशातील एका प्रदेशात राहतो, तेथील स्थळ हेच पाठ्यपुस्तक मानतो आणि त्या अध्ययनाचे श्रेयांक विद्यार्थ्यांना मिळतात, असे या अभ्यासक्रमांचे सर्वसाधारण स्वरूप असते.

कला व भूप्रदेश यांना जोडणाऱ्या क्षेत्राध्ययनाचे एक परिचित उदाहरण न्यू मेक्सिको विद्यापीठातील आहे. तेथे २००० साली बिल गिल्बर्ट यांनी 'लँड आर्ट्स ऑफ द अमेरिकन वेस्ट' हा उपक्रम सुरू केला. त्यात विद्यार्थी वाळवंटी प्रदेशात तंबू ठोकून राहत आणि तेथेच कलाकृती घडवीत. हा उपक्रम स्वदेशातील असला, तरी 'स्थळी राहून शिकणे' हे त्याचे तत्त्व परदेश-अध्ययनातही स्वीकारले गेले आहे.

तथापि या विचाराची मुळे त्याहून जुनी आहेत आणि त्यांतील एक धागा थेट मुंबईपर्यंत पोहोचतो. स्कॉटिश जीवशास्त्रज्ञ व नगररचनाकार पॅट्रिक गेडिस (१८५४-१९३२) यांनी १८८७ पासून एडिंबरो येथे उन्हाळी संमेलने भरविली. त्यांत जीवशास्त्र, भूगोल, इतिहास व कला हे विषय एकत्र शिकविले जात आणि परिसरभ्रमण हा अध्यापनाचा आवश्यक भाग असे. फ्रेंच भूगोलशास्त्रज्ञ एलिझे रेक्ल्यू यांच्यासारखे विद्वान तेथे व्याख्याने देत. प्रदेश समजून घेण्याचे गेडिस यांचे साधन म्हणजे 'खोऱ्याचा छेद'. डोंगरमाथ्यापासून समुद्रापर्यंत नदीच्या काठाने खाली येत जावे आणि प्रत्येक उंचीवर खाणकामगार, लाकूडतोड्या, मेंढपाळ, शेतकरी, कोळी यांपैकी कोण राहतो व निसर्गाने त्याच्या कामाला कसा आकार दिला आहे हे पाहावे, अशी ती पद्धत होती. हेच गेडिस १९१९ साली मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र व नागरिकशास्त्र विभागाचे पहिले प्राध्यापक म्हणून रुजू झाले. गो. स. घुर्ये यांच्या घडणीतही त्यांचा वाटा होता.

इंदूरच्या होळकर संस्थानासाठी त्यांनी तयार केलेला नगररचनेचा अहवाल १९१८ साली प्रसिद्ध झाला. त्या कामाच्या काळात शहरात प्लेगचे भय होते. गेडिस यांनी दिवाळीच्या मिरवणुकीलाच स्वच्छतेचे साधन बनविले. जे मोहल्ले अधिक स्वच्छ होतील त्यांतून मिरवणूक जाईल, असे जाहीर झाले. मिरवणुकीत रोगराईच्या प्रतिमा होत्या आणि शहर झाडणाऱ्या सफाई कामगारांना हार घालून सन्मानाने सामील करून घेण्यात आले होते. आरोग्याचे विज्ञान, उत्सवाची कला आणि ज्यांच्या श्रमावर शहर स्वच्छ राहते त्यांची दखल या तिन्ही गोष्टी त्या एका प्रसंगात एकत्र आलेल्या दिसतात.

३. तीन विषयांची ओळख : १९८२ हे वर्ष

आधुनिक अर्थाने या तीन विषयांचा विचार करताना १९८२ हे वर्ष लक्षणीय ठरते. त्या वर्षी परस्परांशी संबंध नसलेल्या तीन घटना घडल्या.

पहिली घटना जर्मनीतील कासेल येथील. 'डॉक्युमेंटा' या प्रदर्शनाच्या सातव्या पर्वासाठी योझेफ बॉइस यांनी '७००० ओक वृक्ष' ही कलाकृती आरंभिली. शहरातील चौकात बसाल्टचे ७००० दगड रचून ठेवले गेले. शहरात एक झाड लावले की एक दगड उचलून त्या झाडाशेजारी रोवावयाचा, असा नियम होता. झाडे लागतील तसा ढीग कमी होणार होता आणि किती काम उरले आहे हे प्रत्येक नागरिकाला चौकातच दिसणार होते. १९८६ साली बॉइस यांचे निधन झाले. अखेरचे झाड १९८७ साली त्यांच्या मुलाने लावले. समाज हाच घडविण्याचा विषय मानणाऱ्या या विचाराला बॉइस यांनी 'सामाजिक शिल्प' म्हटले.

दुसरी घटना न्यूयॉर्कमधील. ॲग्नेस डेनेस यांनी मॅनहॅटनच्या टोकावरील भरावाच्या जमिनीवर दोन एकर गहू पेरला आणि ऑगस्टमध्ये त्याची कापणी केली. जगातील अत्यंत महागड्या भूखंडांपैकी एकावर, वित्तसंस्थांच्या इमारतींच्या सावलीत पीक उभे राहिले. जमिनीचे मूल्य कशावरून ठरते, हा प्रश्न त्या पिकाने विचारला.

तिसरी घटना उत्तर कॅरोलायना राज्यातील वॉरेन परगण्यातील. १९७८ साली रस्त्यांच्या कडेला बेकायदा सांडलेल्या पॉलिक्लोरिनेटेड बायफेनिल या विषारी रसायनाने दूषित झालेली माती पुरण्यासाठी राज्य शासनाने हा परगणा निवडला. तेथील बहुसंख्य रहिवासी गरीब व कृष्णवर्णीय होते. मातीचे ट्रक अडविण्यासाठी लोक रस्त्यावर आडवे झाले व पाचशेहून अधिक जणांना अटक झाली. पर्यावरणीय न्यायाच्या चळवळीचा आरंभ येथून मानतात. १९८७ साली युनायटेड चर्च ऑफ ख्राइस्टच्या अहवालाने विषारी कचऱ्याच्या जागा आणि वंश यांचा संबंध देशपातळीवर दाखवून दिला. १९९१ साली वॉशिंग्टन येथील परिषदेत पर्यावरणीय न्यायाची १७ तत्त्वे स्वीकारण्यात आली. १९९४ साली अमेरिकेच्या अध्यक्षांनी या विषयावर काढलेला आदेश जानेवारी २०२५ मध्ये रद्द करण्यात आला. शासकीय मान्यता मिळाली म्हणजे प्रश्न सुटला असे नसते, हेही यावरून स्पष्ट होते.

पर्यावरणीय न्यायाच्या अभ्यासात सामान्यतः तीन बाजू मानल्या जातात. लाभ व भार यांची वाटणी कशी झाली, निर्णयप्रक्रियेत कोणाला स्थान मिळाले आणि कोणाचे जीवन व ज्ञान दखल घेण्याजोगे मानले गेले, या त्या बाजू होत. वितरण, प्रक्रिया व मान्यता असे त्यांना थोडक्यात म्हणता येईल.

मॅनहॅटनचा गहू आणि वॉरेनची विषारी माती ही दोन्ही भरावाचीच चित्रे आहेत. एक कलेच्या इतिहासात शिकविले जाते, दुसरे कायदा अथवा समाजशास्त्राच्या वर्गात. ही दोन चित्रे एकाच वर्गात आणणे, हा येथे विचारात घेतलेल्या अभ्यासक्रम-प्रकाराचा हेतू होय.

४. एमशर खोरे : एक अभ्यासक्षेत्र

४.१ दोन नद्या, दोन नशिबे

पश्चिम जर्मनीतील रूर प्रदेश हे अशा अध्ययनाचे अत्यंत बोलके क्षेत्र आहे. या प्रदेशातून पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहत जाऊन ऱ्हाइनला मिळणाऱ्या तीन नद्या आहेत : दक्षिणेस रूर, मध्यभागी एमशर आणि उत्तरेस लिपे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कोळसा व पोलाद यांच्या उद्योगाने हा शेतीप्रधान प्रदेश युरोपातील अत्यंत दाट औद्योगिक पट्टा बनला. लोकसंख्या वाढली, सांडपाणी वाढले, पुराचे व साथीचे रोग वाढले. १९०१ साली गेल्झनकिर्शेन परिसरात टायफॉइडची मोठी साथ आली. तिच्या कारणांचा शोध घेण्यासाठी रॉबर्ट कॉख यांना पाचारण करण्यात आले होते.

या संकटाला मिळालेले उत्तर तांत्रिकदृष्ट्या कार्यक्षम होते. नद्यांमध्ये कामाची विभागणी झाली. रूर नदी पिण्याच्या व उद्योगाच्या पाण्यासाठी राखली गेली आणि एमशर सांडपाण्यासाठी. त्यासाठी १८९९ साली एमशर सहकारी संस्था स्थापन झाली व तीत नगरपालिका, खाणी आणि कारखाने सदस्य झाले. जमिनीखाली सांडपाण्याचे नळ टाकणे शक्य नव्हते, कारण खाणकामामुळे जमीन खचत होती आणि नळ फुटले असते. म्हणून नदीच सरळ करून, तिच्या तळाशी काँक्रीट घालून, तिला उघडे गटार बनविण्यात आले. सुमारे ८० कि.मी. लांबीच्या या नदीच्या दोन्ही बाजूंस कुंपण आले व 'जिवाला धोका' असे फलक लागले. तिच्या उपनद्यांना स्थानिक बोलीत विष्ठेचा ओढा अशा अर्थाचे नाव पडले.

रूरच्या काठावर क्रुप या पोलाद-उद्योजक घराण्याचा 'व्हिला ह्यूगेल' हा प्रासाद उभा आहे. एमशरच्या काठाने कामगारांच्या वसाहती उभ्या राहिल्या. त्यांत आधी पूर्व प्रशियातून व पोलिश भाषक भागांतून आलेले आणि १९६१ च्या करारानंतर तुर्कस्तानातून आलेले कामगार राहिले. आजही या प्रदेशातून जाणाऱ्या ए-४० या महामार्गाला 'सामाजिक विषुववृत्त' म्हटले जाते. त्याच्या दक्षिणेस तुलनेने सुस्थितीतील वस्ती आहे व उत्तरेस गरिबी अधिक आहे. कोणती नदी स्वच्छ ठेवावयाची हा निर्णय अभियंत्यांचा होता. मात्र त्याच निर्णयाने कोणाच्या खिडकीला दुर्गंधी येईल हेही ठरले.

४.२ परिस्थितिविज्ञानाचा प्रश्न

खाणकाम उत्तरेकडे सरकल्यावर एमशर परिसरातील जमीन खचणे थांबले आणि भूमिगत वाहिन्या शक्य झाल्या. १९९२ पासून नदीच्या पुनरुज्जीवनाचे काम सुरू झाले. ४०० कि.मी.हून अधिक लांबीच्या नव्या सांडपाणी-वाहिन्या टाकण्यात आल्या. त्यांतील डॉर्टमुंड ते डिन्स्लाकेन ही मुख्य वाहिनी ५१ कि.मी. लांबीची असून काही ठिकाणी ती सुमारे ४० मीटर खोल आहे. सुमारे ५.५ अब्ज युरो खर्चून २०२१ च्या अखेरीस एमशर सांडपाण्यापासून मुक्त झाली. २०२२ साली ऱ्हाइनशी तिचे नवे नैसर्गिक स्वरूपाचे मुख तयार झाले. बोये या उपनदीच्या वरच्या भागात तग धरून राहिलेला ग्रोपे नावाचा छोटा तळमासा आता इतर प्रवाहांत पुन्हा सोडला जात आहे.

विद्यार्थी येथे पाण्याचे नमुने घेतात, तळाच्या दगडाखाली सापडणाऱ्या कीटकांच्या अळ्या मोजतात आणि त्यावरून प्रवाहाची प्रत ठरवितात. या मोजमापातून त्यांना पहिला धडा मिळतो : हिरवे दिसणारे सर्व निर्मळ नसते. ड्यूसबुर्ग-नॉर्ड येथील भूदृश्य उद्यान हे त्याचे उत्तम उदाहरण होय. माइडरिश येथील लोखंडाचा कारखाना १९८५ साली बंद झाला. १९८९ ते १९९९ या काळात चाललेल्या 'एमशर पार्क' या आंतरराष्ट्रीय बांधकाम प्रदर्शनांतर्गत भूदृश्य-रचनाकार पेटर लाट्स यांनी त्या सुमारे १८० हेक्टर जागेचे उद्यान केले व १९९४ साली ते खुले झाले. झोतभट्ट्या पाडल्या गेल्या नाहीत. खनिजाच्या कोठारांत बागा झाल्या आणि ओतकामातील ४९ लोखंडी पत्र्यांचा एक चौक झाला. राखेच्या व धातुमळीच्या जमिनीवर बर्च वृक्ष आपोआप उगवले. परंतु त्या मातीत जुनी प्रदूषके आहेत आणि उद्यानाची रचना त्यांच्याशी तडजोड करूनच झालेली आहे. त्याचप्रमाणे, जर्मनीतील शेवटची दगडी कोळशाची खाण २०१८ साली बॉट्रॉप येथे बंद झाली असली, तरी खाणीतील पाणी उपसण्याचे काम थांबविता येत नाही. खचलेल्या भूभागावर पाणी साचू नये म्हणून पंप सतत चालवावे लागतात. तेथे या कामांना 'चिरंतन कामे' अशा अर्थाचा शब्द रूढ आहे.

४.३ कलेचा प्रश्न

मोजलेली गोष्ट लोकांना जाणवलेली असतेच असे नाही. अनेक पिढ्यांनी कुंपणापलीकडची मानलेली नदी लोकांच्या मनात परत कशी आणावयाची, हा प्रश्न जलविज्ञानाच्या कक्षेत बसत नाही. येथे कलेचे कार्य सुरू होते.

२०१० साली रूर प्रदेश युरोपची सांस्कृतिक राजधानी असताना 'एमशरकुन्स्ट' हे प्रदर्शन नदीकाठी भरले. रॉटरडॅम येथील 'ऑब्झर्व्हेटोरियम' या कलावंतगटाने 'नदीची प्रतीक्षा' या अर्थाच्या नावाचा, नागमोडी आकाराचा लाकडी निवारा उभारला. तो पुलासारखा होता, पण त्याखाली नदी नव्हती. लोकांनी तेथे रात्र काढावी आणि अजून न आलेल्या स्वच्छ नदीची वाट पाहावी, ही कल्पना. मार्येतिका पोतर्च आणि 'ऊझ' या वास्तुरचनाकारांनी एसेन येथे एक सामुदायिक बाग तयार केली. एमशरचे दूषित पाणी व शौचालयाचे सांडपाणी टप्प्याटप्प्याने वनस्पतींच्या वाफ्यांतून व गाळण्यांतून नेऊन ते पिण्यायोग्य करून दाखविले गेले. शुद्धीकरणाची जी प्रक्रिया एरवी भिंतीआड चालते ती लोकांच्या नजरेसमोर आणि जिभेवर आली. त्याआधी १९९८ साली रिचर्ड सेरा यांनी एसेनमधील खाणीच्या टाकाऊ दगडांच्या टेकडीवर सुमारे १५ मीटर उंचीची पोलादी पट्टी उभी केली होती. टेकडीवर चढून गेलेल्या माणसाला ती पट्टी एकच गोष्ट सांगते : ही टेकडी निसर्गाची नाही, श्रमाची आहे.

या कलाकृतींना नदीकाठाचे सुशोभीकरण म्हणणे चुकीचे होईल. नदीची प्रतीक्षा करावयास लावणारी कलाकृती ही सार्वजनिक खर्चाच्या, तीस वर्षे चालणाऱ्या योजनेला लागणाऱ्या लोकसंमतीशी निगडित असते.

४.४ न्यायाचा प्रश्न

नदी स्वच्छ झाली आणि लोकांना ती जाणवूही लागली, तरी तिसरा प्रश्न उरतोच : ती कोणाची झाली? डॉर्टमुंडमधील ह्योर्डे हे कामगारांचे उपनगर. तेथील फिनिक्स पोलाद कारखाना २००१ साली बंद झाला. चीनमधून आलेल्या कामगारांनी तो सुटा केला व ती यंत्रसामग्री चीनमध्ये नेण्यात आली. रिकाम्या जागेवर २४ हेक्टरचे कृत्रिम सरोवर करून २०१० साली त्यात पाणी सोडण्यास सुरुवात झाली. पूर्वी बंदिस्त असलेली एमशर आता त्याच्या कडेने मोकळी वाहते. तिच्या काठी महागडी घरे उभी राहिली आणि सरोवराच्या एका बाजूस श्रीमंती व दुसऱ्या बाजूस जुनी कामगार वस्ती असे दृश्य निर्माण झाले. ज्यांनी दुर्गंधी सोसली त्यांनाच नव्या काठाचे भाडे परवडत नसेल, तर नदी शुद्ध होऊनही अन्याय शिल्लक राहतो.

याच प्रश्नाची कक्षा खोऱ्याबाहेरही जाते. रूरच्या खाणी बंद झाल्या, तरी जर्मनीत दगडी कोळसा कोलंबियासारख्या देशांतून येत राहिला. कारखान्याबरोबर त्याचा धूरही दुसऱ्या देशात गेला. शिवाय पुनरुज्जीवनाच्या खर्चाचा काही भाग सांडपाणी-शुल्काच्या रूपाने सामान्य रहिवासी भरतात. कोळशाचा नफा एका शतकात वाटला गेला आणि त्याचे देणे दुसऱ्या शतकातील लोकांकडे आले, असे म्हणता येईल.

४.५ तीन प्रश्नांचे परस्परसंबंध

वरील विवेचनावरून तीन विषयांचे नाते स्पष्ट होते. परिस्थितिविज्ञान कलेला सांगते की हिरवे म्हणजे निर्मळ नव्हे. कला विज्ञानाला सांगते की मोजलेले म्हणजे जाणवलेले नव्हे. न्याय या दोहोंना सांगतो की निर्मळ व सुंदर म्हणजे न्याय्य नव्हे. यांपैकी एक विषय वगळल्यास अभ्यासक्रमाचे स्वरूप बदलते. न्याय वगळला तर तो पर्यटन ठरतो, विज्ञान वगळले तर कला सजावट ठरते आणि कला वगळली तर उरतो तो अहवाल, जो वाचला जाईलच याची शाश्वती नाही.

५. अध्यापनपद्धती व मूल्यमापन

अशा क्षेत्रावर चार आठवड्यांच्या अभ्यासक्रमाची रचना पुढीलप्रमाणे करता येते. पहिल्या आठवड्यात गेडिस यांच्या पद्धतीने नदीच्या उगमापासून मुखापर्यंत पायी व सायकलने जाऊन खोऱ्याचा छेद काढावा. दुसऱ्या आठवड्यात जलपरीक्षण, वनस्पतिगणना व जुन्या नकाशांचे वाचन करावे. तिसऱ्या आठवड्यात निवृत्त खाणकामगार, स्थलांतरित कुटुंबे, नगरपालिकेचे अधिकारी यांच्याशी संवाद साधून एकाच जागेची भिन्न वर्णने गोळा करावीत. चौथ्या आठवड्यात स्थानिक रहिवाशांच्या सहभागाने एक सार्वजनिक कृती घडवावी. ती चित्र, ध्वनिमुद्रण, पदयात्रा अथवा बाग यांपैकी काहीही असू शकते.

मूल्यमापनात क्षेत्रवहीला मध्यवर्ती स्थान असते. दररोजच्या नोंदीत रेखाटन, मोजमाप व संवाद हे तिन्ही असावेत अशी अपेक्षा ठेवल्यास एका शाखेच्या विद्यार्थ्याला दुसऱ्या शाखेची भाषा टाळता येत नाही. सुंदर रेखाटन करणाऱ्यास आम्लता मोजावी लागते आणि अचूक मोजणाऱ्यास एखाद्या वृद्ध स्त्रीचे बोलणे तिच्याच शब्दांत लिहावे लागते. अंतिम कृतीचे मूल्यमापन करताना ती स्थानिकांना उपयोगी अथवा अर्थपूर्ण वाटली का, हा निकष ठेवणे आवश्यक असते.

६. मर्यादा

या अभ्यासक्रम-प्रकाराच्या मर्यादा गंभीर आहेत. पहिली मर्यादा आर्थिक आहे. पर्यावरणीय न्याय शिकण्यासाठी परदेशी जाणे ज्यांना परवडते ते बहुधा सुस्थितीतील असतात. ज्यांच्या वस्तीत तो अन्याय घडतो ते या वर्गात क्वचितच दिसतात. दुसरी मर्यादा नैतिक आहे. चार आठवड्यांसाठी आलेला गट कोणाच्या तरी हलाखीचे किंवा पडक्या कारखान्याचे 'दृश्य' करून निघून जाऊ शकतो. मुलाखत देणाऱ्यास त्यातून काय मिळाले, हा प्रश्न अनुत्तरित राहतो. तिसरी मर्यादा विमानप्रवासाच्या कर्ब-उत्सर्जनाची आहे. चौथी म्हणजे अल्पकाळ. नदीचे पुनरुज्जीवन तीस वर्षे चालले, तर त्याचा अभ्यास एका महिन्यात कितपत शक्य आहे?

दीर्घ सहवासाचे महत्त्व नवज्योत अल्ताफ यांच्या कार्यातून दिसते. मुंबईच्या सर ज. जी. कला महाविद्यालयात शिकलेल्या या कलावंताने १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून बस्तरमधील कोंडागाव येथे स्थानिक आदिवासी कलावंतांसमवेत काम केले आहे. 'नळपार' या उपक्रमात त्यांनी हातपंपाभोवतीच्या जागांची रचना केली. पाणी भरणाऱ्या स्त्रियांचे श्रम हलके व्हावेत, सांडपाणी तुंबू नये आणि जागेला स्थानिक शिल्पपरंपरेचे रूप यावे, हे हेतू त्यात एकत्र होते. तेथे कलावंत पुनःपुन्हा परत गेला, म्हणून त्या कामाला नात्याचे स्वरूप आले. उन्हाळी अभ्यासक्रमालाही दरवर्षी त्याच जागी परत जाण्याचे बंधन घालून घेता येते.

७. महाराष्ट्रातील अध्यापनाशी संबंध

उपरोक्त मर्यादा लक्षात घेता असा प्रश्न उपस्थित होतो की, या पद्धतीसाठी परदेशी जाणे अपरिहार्य आहे काय? परक्या ठिकाणी गेल्याने सवयीची नजर मोडते, हा लाभ नाकारता येत नाही. परंतु पद्धतीचा गाभा प्रवासात नसून एका जागेला तीन प्रश्न विचारण्यात आहे आणि ते प्रश्न महाविद्यालयाच्या मागून वाहणाऱ्या ओढ्यालाही विचारता येतात.

मुंबईतील मिठी नदी हे त्याचे समर्पक उदाहरण होय. विहार-पवई तलावांच्या सांडव्यापासून माहीमच्या खाडीपर्यंत वाहणाऱ्या या नदीला शहर दीर्घकाळ नालाच समजत होते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मि.मी. पाऊस झाला, पुराने शहर बुडाले आणि अनेकांना ती नदी असल्याचे प्रथमच कळले. नदीला नाला म्हणणे हीदेखील कामाची विभागणीच होय. एमशरच्या बाबतीत ती कागदोपत्री झाली, येथे ती बोलण्यातून झाली.

रूर-एमशर यांच्या नात्याशी अधिक जवळचे साम्य माहुलच्या प्रकरणात आढळते. मुंबईला पिण्याचे पाणी पुरविणाऱ्या तानसा जलवाहिनीलगतच्या झोपड्या हटवून तेथील कुटुंबांना २०१७ च्या सुमारास तेलशुद्धीकरण कारखान्यांच्या शेजारी, माहुल येथे घरे देण्यात आली. माहुल परिसरातील हवा रहिवाशांच्या आरोग्यास घातक असल्याचे राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने त्याआधीच, २०१५ साली नोंदविले होते. २०१९ साली मुंबई उच्च न्यायालयाने या कुटुंबांवर तेथे राहण्याची सक्ती करता येणार नाही, असे स्पष्ट करून त्यांना भाडे देण्याचे निर्देश दिले. शहराच्या शुद्ध पाण्याच्या सुरक्षिततेसाठी काही माणसांना अशुद्ध हवेत पाठविले गेले. वितरण, प्रक्रिया व मान्यता या न्यायाच्या तिन्ही बाजू या एका प्रकरणात शिकविता येतात आणि त्यासाठी पारपत्राची आवश्यकता नाही.

क्षेत्रकार्याचे गुण कोणत्याही शाखेतील विद्यार्थ्यासाठी असतात, ही या अभ्यासक्रमाची दुर्लक्षित शक्ती आहे. मराठी, रसायनशास्त्र, अर्थशास्त्र व चित्रकला यांच्या विद्यार्थ्यांना एकाच गटात ठेवून, एकच ओढा देऊन, तीन प्रश्न विचारावयास सांगता येईल : या पाण्यात काय आहे? ते लोकांना कसे दाखविता येईल? आणि त्याच्या काठी कोण राहते, व का? पुढील वर्षाच्या गटाने तोच ओढा घ्यावा आणि आधीच्या वहीपासून सुरुवात करावी. असे दहा वर्षे झाल्यास महाविद्यालयाजवळ त्या ओढ्याचा असा अभिलेख तयार होईल, जो कोणत्याही शासकीय कार्यालयात सापडणार नाही.

८. समारोप

कला, परिस्थितिविज्ञान व पर्यावरणीय न्याय यांचा संयुक्त उन्हाळी अभ्यासक्रम हा केवळ विषयांची बेरीज नाही. प्रत्येक विषय दुसऱ्याच्या समाधानाला तडा देतो, त्यात त्याचे शैक्षणिक मूल्य आहे. एमशरची नदी गटार होऊ शकली, कारण तिच्या काठच्या लोकांना विचारण्याची गरज त्या काळी कोणाला वाटली नाही. ती पुन्हा नदी होण्यास तीस वर्षे आणि अब्जावधी युरो लागले. ज्या देशाकडे तेवढा वेळ व पैसा नाही, तेथे नदीला नाला म्हणण्यापूर्वीच तिच्या काठी जाऊन प्रश्न विचारणारे विद्यार्थी घडविणे अधिक शहाणपणाचे ठरेल. गेडिस यांचा 'खोऱ्याचा छेद' शंभर वर्षांपूर्वी मुंबई विद्यापीठात आला होता. तो ग्रंथालयातून पुन्हा नदीकाठी नेणे हे आजच्या अध्यापकांच्या हाती आहे.